खिडकीवर चढवलेला वेल

हट्टा गावात वसमतच्या रस्त्याला लागून जळबाचं घर. जळबाची उभी हयात लाईनमन म्हणून खांबावर गेली. आसपासच्या गावांत कुणाच्या विहिरीवरची मोटार बंद पडली, कुणाच्या गल्लीत अंधार झाला, की लोक त्याच्या दारात यायचे. रिटायर झाला तरी लोकांची ती सवय सुटली नाही, आणि त्याचीही सुटली नाही. सकाळी अंघोळ उरकून, पांढरा शर्ट घालून तो ओट्यावर खुर्ची टाकायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून थांबवायचा. जीपवाले त्याला बघून हॉर्न वाजवायचे. कॉलेजात जाणारी पोरं 'जय भीम काका' म्हणून पुढं जायची. दुपारच्या जेवणापर्यंत त्याला सगळ्या गावाची बित्तंबातमी ठाऊक असायची.

मागच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तो त्या खुर्चीतच एका अंगावर कलंडला. नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून घरी आला तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि बोलणंही गेलं होतं. तोंडातून एखाददुसरा शब्द निघायचा, तोही कधी जमायचा, कधी नाही. डोकं मात्र शाबूत होतं. डोळ्यांवरून ते कळायचं.

त्याची खाट पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीला लावून टाकली. ही खिडकी घर बांधताना जळबानंच हौसेनं मोठी करून घेतली होती. उशीला टेकवून बसवलं की त्याला वळणावरच्या लिंबापासून पार पिठाच्या गिरणीपर्यंतचा रस्ता दिसायचा. लोकही तिकडून त्याला बघायचे. 'काय काका, बराबर हाय ना तब्येत?' असं कुणी ओरडलं की तो डावा हात वर करायचा, आणि तोंडाची चांगली बाजू हसायची. दिवसातून कितीदा तरी तो हात वर व्हायचा. तेवढंच त्याचं जगणं राहिलं होतं.

त्याच घराच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. गवंडी भिंत उचलत होते तेव्हा जनकाबाईनं नवऱ्याला म्हटलं होतं, "अवो, चुलीपाशी एक बारकी खिडकी ठिवा. धूर बी जाईल, अन् जरा बाहीरचं दिसल." जळबानं गवंड्यांदेखतच विचारलं होतं, "बाहीरचं काय बघायचंय तुला? कोण येणार हाय?" गवंडी खाली मान घालून हसले. पत्र्याखाली चार विटा सोडून धुराला वाट केली, आणि त्या आंधळ्या खोलीत जनकाबाईचं आयुष्य गेलं. आता गॅस आला होता, धूर नव्हता. ते हसणं मात्र तिच्या कानातून गेलं नव्हतं.

मार तिनं खाल्ला होता, पण त्याचं तिला फार नव्हतं. आळीतल्या सगळ्याच बायकांनी तो खाल्ला होता. तिला एकच गोष्ट जाळत राहायची. तिची आई शिरड शहापूरला शेवटच्या घटका मोजत होती. निरोप आला तेव्हा जळबा म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं असंच असतं. आज जाते, उद्या जाते. पोरीची परीक्षा झाल्यावर जा." जनकाबाई पोचली तेव्हा माती देऊन लोक परतत होते. एका एसटीच्या अंतरावर आई होती, आणि तिचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. जळबानं नंतर त्याबद्दल एक शब्द काढला नाही. त्याच्या लक्षातही राहिलं नसावं.

आणि आता तोच माणूस तिच्या हातानं जेवत होता. जनकाबाई त्याचं सगळं करायची. धुणंपुसणं, कूस पालटणं, गोळ्या, मालिश. त्यात कुणी बोट ठेवावं असं काही नव्हतं. फक्त करताना ती बोलायची नाही.

दिवाळीला करुणा आली. ही त्यांची पोरगी, नांदेडला शाळेत शिकवायची. जळबाचा तिच्यावर भारी जीव. बायकोला कधी न दाखवलेला मऊपणा त्यानं पोरीसाठी राखून ठेवला होता, त्यामुळं करुणाला बाप वेगळाच ठाऊक होता. येताना तिनं नर्सरीतून बियांची पाकिटं आणली होती.

"आई, हे स्वीट पी. थंडीतलं फूल हाय. एवढा वास येतो, की घरभर. बाबा पडून पडून कंटाळतात गं. कंपाउंडच्या भिंतीला लाव, त्यांना खाटेवरून दिसतील."

जनकाबाईनं पाकिटावरचं चित्र बघितलं. "वेल हाय का हा? किती वर जातो?"

"माणसाच्या डोक्याएवढा जातो. जाळी लावावी लागते. दाट होतो खूप."

"दाट होतो?"

"हो ना. नुसती भिंत होते फुलांची."

जनकाबाईनं पाकिटं फडताळात ठेवली. त्या दिवशी तिच्या डोक्यात काही आलं होतं की नाही, हे तिलाही नंतर नीट सांगता आलं नसतं. पण करुणा गेल्यावर तिनं कुदळ घेतली, कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, आणि तिथून फिरून खिडकीखाली आली. काळी माती चिकट, म्हणून तिनं वाळू आणून मिसळली, शेणखत घातलं. बी रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीनं टोकलं. जळबा आतून बघत होता. त्याला वाटलं असेल, पालेभाजी लावून राहिली.

रोपं वर आली तेव्हा शेजारची मिना कुंपणावरून म्हणाली, "काकू, दारात लाखेची डाळ पेरली का काय? पाला तर डिट्टो लाखेवाणी दिसून राहिला."

"फुलाचं हाय. पोरीनं आणलं बी."

"मंग खिडकीत काहून लावलं?"

"हितं ऊन चांगलं येतं," जनकाबाई म्हणाली. ते खरंही होतं. घराचं तोंड दक्षिणेकडं होतं, आणि हिवाळ्यात सगळ्यात जास्त ऊन खिडकीवरच यायचं.

रोपं वीतभर झाल्यावर तिनं त्यांचे शेंडे खुडले, म्हणजे खालून फुटवे फुटतात. भाजीच्या मळ्यातली जुनी नायलॉनची जाळी मागून आणली आणि खिडकीच्या वरच्या गजापासून खालपर्यंत ताणून बांधली. वेलांना बारीक तणावे असतात. ते जाळीला असे गुंडाळायचे, की सकाळी सुटा दिसलेला वेल संध्याकाळी पकडून बसलेला असायचा. अंघोळीचं पाणी, धुण्याचं शेवटचं निवळ पाणी ती त्यांना घालायची. पौषात वेल खिडकीच्या चौकटीला लागले. मग अर्ध्यावर गेले. खाटेवरून आधी गिरणी दिसेनाशी झाली, मग रस्ता. शेवटी फक्त लिंबाचा शेंडा राहिला, आणि एक दिवस तोही गेला.

जळबा अस्वस्थ होऊ लागला. डाव्या हातानं खिडकीकडं खूण करायचा. जनकाबाई उशी नीट करायची, पाणी द्यायची, पांघरूण ओढायची, आणि खूण सोडून बाकी सगळं करायची.

फुलं आली तेव्हा सगळी आळी बघायला आली. गुलाबी, जांभळी, पांढरी, एक तर गडद डाळिंबी. फुलपाखरं बसल्यासारखी. वास असा, की रस्त्यानं जाणारा माणूस मान वळवायचा. करुणानं फोनवरून सांगितलं होतं, "आई, फुलं ठेवायची नाहीत, कापत राहायची. शेंगा धरू दिल्या तर वेल थकतो. जितकी कापशील तितकी येतील." जनकाबाई रोज सकाळी दव वाळायच्या आत कात्री घेऊन बाहेर यायची आणि लांब देठ ठेवून फुलं कापायची. पानाला, फुटव्याला धक्का लागू द्यायची नाही. कापलेल्या फुलांतली काही घरातल्या बुद्धमूर्तीपुढं ठेवायची, काही पेल्यात घालून जळबाच्या उशाशी, उरलेली मिनाला, विहारात येणाऱ्या बायकांना. आणि वेल दुपटीनं फुटायचा. खिडकी हिरवीगार, घट्ट. आतल्या खोलीत भर दुपारीसुद्धा दिवा लावावासा वाटायचा.

"नवऱ्याची सेवा करावी तर जनकाबाईनं," विहारात पौर्णिमेच्या वंदनेला बायका बोलल्या. "आजारी माणसाच्या डोळ्यापुढं बाग उभी केली बाईनं. कोण करतं एवढं?"

जनकाबाईनं पदर सारखा केला. ते ऐकायला नको वाटलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. आजवर तिच्या नावानं कुणी चार शब्द चांगले काढले नव्हते. काढले ते हे.

रस्त्यावरचे लोक आधी नेहमीसारखी हाक मारायचे. जळबा आतून हात वर करायचा, पण तो बाहेर कुणाला दिसत नव्हता. कुणाला वाटायचं झोपलाय, कुणाला वाटायचं आता त्याला कळत नाही. हाका विरळ झाल्या. जीपवाल्यांनी हॉर्न सोडला. लोक फुलांकडं बघून पुढं जाऊ लागले.

करुणा आली तेव्हा खिडकी बघून तिचे डोळे भरले. "मी भिंतीला लाव म्हणलं होतं. तू तर अगदी त्यांच्याजवळ आणून ठेवलीस!" तिनं फोनवर चित्रण केलं आणि बापाच्या तोंडाशी वाकून विचारलं, "बाबा, आवडली का फुलं?"

जळबानं ओठ हलवले. बऱ्याच धडपडीनं एक शब्द निघाला.

"वाट."

"काय बाबा?"

"वाट... वाट..."

करुणा आईकडं वळली. "कुणाची तरी वाट पाहून राहिले गं. दादाची असेल." मोठा मुलगा पुण्याला असायचा, फोनवर यायचा तेवढाच. "बाबा, दादा येणार हाय बरं का. मे महिन्यात."

जळबानं मान जोरात हलवली. "वाट!" आणि त्यानं पोरीच्या खांद्यावरून जनकाबाईकडं बघितलं. पुढच्या-मागच्या सगळ्या हिशेबासह तिला कळलं, की त्याला सगळं कळलेलं आहे. वेल कुणी, कुठं, काहून लावला, सगळं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली. आंधळ्या स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पण वेल काढावा, असं तिच्या मनात आलं नाही. तिच्या मनात आलं, बघू दे आता त्यालाही, कसं असतं ते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भीमराज आला. भीमराज म्हणजे जळबाचा जोडीदार, दोघांनी मिळून कितीतरी वादळांत तारा जोडल्या होत्या. सकाळची वेळ होती. जनकाबाई मागच्या अंगणात धुणं धूत होती. रस्त्यावर गाडी थांबल्याचं तिला ऐकू आलं, आणि मग ओळखीची हाक.

"जळब्या! ए जळब्या!"

तिचे हात थांबले. उठून पुढं जावं, आत बोलवावं, एवढंच करायचं होतं. भीमराजचे गुडघे गेलेले, ओट्याच्या उंच पायऱ्या त्याला चढवत नव्हत्या, आधार द्यावा लागायचा. पुन्हा हाक आली. ती पिळलेलं लुगडं हातात धरून तशीच बसून राहिली.

मिनाचा आवाज आला, "काका झोपले असतील. उठवू का?"

"राहू द्या. झोपल्या माणसाला काहून तकलीफ द्यायची," भीमराज म्हणाला. गाडी सुरू झाली आणि गेली.

मग आत काहीतरी धाडकन पडलं.

ती धावली. जळबा खाटेवरून अर्धा खाली लोंबत होता, डावा हात गजात अडकवून. वेलाची पानं त्यानं मुठीत धरून ओढली होती. मूठभर पानं आणि दोन फुलं हातात आली होती, पण जाळी हलली नव्हती. जनकाबाईनं त्याला काखेत हात घालून वर ओढलं. मिनाला हाक मारायची तिला लाज वाटली. एकटीनं ओढता ओढता ती त्याच्यासोबतच खाटेवर पडली, आणि दम लागून तशीच पडून राहिली.

त्या उशीवरून तिनं पहिल्यांदाच खिडकीकडं बघितलं. फुलं सगळी उजेडाच्या बाजूला, बाहेर तोंड करून होती. आतून दिसत होते ते देठ, पिवळी पडलेली खालची पानं, जाळीच्या गाठी. वाससुद्धा आत कमीच येत होता. बाहेर कुणीतरी हसत बोलत गेलं, आवाज दोन पावलांवर होता, पण माणूस दिसला नाही. शेजारी जळबा रडत होता. आवाज नव्हता. तोंडाची एकच बाजू रडत होती.

जनकाबाईनं वाट बघितली. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं काहीतरी आता सुटेल, थंड होईल, असं तिला वाटलं. काहीच झालं नाही. आई तिथंच होती, मातीखाली. तोंड तिनं बघितलं नव्हतंच.

संध्याकाळी भीमराजचा फोन आला. "वयनी, सकाळी आलतो. जळब्या झोपला हुता. घर विकलं आम्ही, आता लेकाकडं चाललो कायमचं, गुजरातला. म्हणून म्हणलं भेटून जावं. उद्या सकाळचीच गाडी हाय. द्या बरं त्याला फोन."

तिनं फोन नवऱ्याच्या कानाला धरला. भीमराजचा मोठा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "जळब्या, निघालो रे. आता काय भेट व्हती का न्हाई, कुणास ठाऊक. तू आराम कर. ऐकून राहिला ना?"

"वाट..." जळबा म्हणाला. "वाट..."

"व्हय रे गड्या," भीमराजचा आवाज फुटला. "तू बी बघ, मी बी बघतो तुझी वाट."

फोन बंद झाल्यावर तिनं दिवा लावला. जळबानं रात्री घास घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जनकाबाई विळा घेऊन बाहेर आली. वेल ऐन भरात होते. रोजच्यासारखं एकेक देठ बघत न बसता तिनं बुडातून कापायला सुरुवात केली. मिना दात घासत कुंपणाशी आली आणि ओरडलीच.

"काकू! काय करून राहिल्या? डोकं फिरलं का?"

जाळीच्या गाठी सुटेनात, तेव्हा तिनं जाळीच कापली. सगळं घोंगडीसारखं एकदम तिच्या अंगावर आलं, फुलांसकट. तिनं ते फरफटत नेऊन उकिरड्यावर टाकलं आणि धावत आत आली. खोलीत उन्हाचा मोठा चौकोन पडला होता. रस्ता दिसत होता, लिंब, गिरणी, दुधाच्या कॅन घेऊन जाणारा माणूस, सगळं.

"अवो," ती म्हणाली. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच ती आपणहून त्याच्याशी बोलत होती. "बघा. मोकळं केलं सगळं."

जळबानं मान भिंतीकडं वळवली.

"बघा ना. दूधवाला चाललाय."

त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं त्याच्या हनुवटीला हात लावला, तशी त्यानं डाव्या हातानं तो झटकला. त्या हातात अजून एवढं बळ होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

पुढं रोज तेच. ती त्याला खिडकीकडं तोंड करून बसवायची, आणि तो भिंतीकडं वळायचा. खिडकी उघडी दिसली तसे लोक पुन्हा थांबू लागले, हाका मारू लागले. जळबाचा हात वर झाला नाही. दोन-चारदा बघून लोकांनीही नाद सोडला.

करुणा रविवारी आली आणि दारातच थबकली. खिडकीखाली वाळलेली बुडखं होती.

"कुणी केलं हे?"

"म्या."

"काहून पण?"

"रस्ता दिसत न्हवता त्यास्नी."

"रस्ता?" करुणाचा आवाज चढला. "रस्त्यात काय ठेवलंय बघायला? धूळ अन् जीपा? आई, त्या माणसाला एवढंच एक सुख राहिलं होतं. तेही तुला बघवलं नाही?"

"तसं न्हाई पोरी..."

"तसंच हाय. लहानपणापासून बघून राहिले मी. बाबा काही आणायचे, तुझं तोंड वाकडं. बाबा हसले, तुझं तोंड वाकडं. आता ते पडलेत, बोलता येत नाही, तर त्यांच्यावर राग काढून राहिली तू."

जनकाबाई तोंड उघडून उभी राहिली. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की वेल मी लावला तो त्यांना रस्ता दिसू नये म्हणून. ते सांगितल्याशिवाय पुढचं काहीच सांगता येत नव्हतं.

करुणा बापापाशी बसली. त्याचं वाळलेलं तोंड, आत गेलेले डोळे बघून तिला रडू आलं. "बाबा, माझ्याकडं चलता का? नांदेडला? मी बघते तुमचं सगळं."

जळबानं मान वळवली. किती तरी दिवसांनी त्यानं भिंत सोडली होती. त्यानं आधी पोरीकडं बघितलं, मग आतल्या दारात उभ्या जनकाबाईकडं. तिच्याकडं बराच वेळ बघितलं. आणि डावा हात उचलून बाहेरच्या दाराकडं केला.

"बघितलं?" करुणा म्हणाली.

जावयानं दुपारी गाडी आणली. जनकाबाईनं कपड्यांची पिशवी भरली, मालिशचं तेल बांधून दिलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, ते ती सांगायला लागली. "माहीत हाय मला," करुणा म्हणाली आणि पिशवी घेतली. खुर्चीत बसवून दोघांनी जळबाला पायऱ्या उतरवल्या. रस्त्यावर माणसं जमली होती. त्यांना बघून जळबाचा हात वर झाला, तोंडाची एक बाजू हसली. लोक 'जय भीम काका, लवकर या' म्हणाले. दोघं-तिघं डोळे पुसत होते. गाडीत बसवल्यावर जनकाबाई काचेपाशी गेली, पण त्याचं तोंड तिच्याकडं नव्हतं, आणि काच करुणानं वर केली.

गाडी वळणापलीकडं गेल्यावर माणसं पांगली. मिना तेवढी मागं राहिली. तिच्या मनात वाईट नव्हतं, जे वाटलं ते ती बोलली.

"काकू, फुलं ठिवायची हुती तुमी. फुलं हुती तवर काका कसे चांगले राहिले. त्यांचा जीव त्यातच हुता."

जनकाबाईनं तिच्याकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि घरात गेली.